दोन दांड्या

आईच्या तांब्याच्या कलशात एक पैसा कायम असायचा. पूजेला कलश मांडताना आधी पाणी, मग पैसा, मग सुपारी, वर आंब्याचा डहाळा आणि नारळ. पाण्यातून तळाला जाऊन पैसा टेकला की टुण्ण असा बारीक आवाज यायचा. आमच्या घरात पूजा सुरू झाली हे मला त्या आवाजावरून कळायचं. पूजा झाली की आई कलश पुसून फडताळात ठेवायची आणि पैसा पुन्हा त्यातच. तो कधी कुठल्या पेटीत गेला नाही की कुणाच्या हातात खेळायला आला नाही.

आमचं माहेर खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठाला. कणकुंबीला उगम पावलेली नदी आमच्या शेतापाशी येईपर्यंत चांगली अंगाने भरलेली असते. भाताचं गाव, कौलारू घर, मातीच्या भिंती. आई गेल्यावर वर्षश्राद्धाला आम्ही सगळे जमलो आणि दुसऱ्या दिवशी भांड्यांची वाटणी काढली. वाटणी म्हणजे भांडण नव्हे. वैनीने एकेक भांडं पुढं करायचं आणि "हे तुम्ही न्या की ताई" म्हणायचं. कलश तिने उपडा केला तेव्हा पैसा तिच्या ओच्यात पडला. तिने तो माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "ह्यो काय लिहिल्यालं हाय बघा ताई, तुम्हाला वाचायला येतंय."

मी चष्मा लावून बघितलं. काहीच लिहिलेलं नव्हतं.

असं पहिल्यांदा वाटलं. तांब्याची जाडसर चकती, पुरती गोल नाही, एका कडेला ठोकून चपटी झाल्यासारखी. रंग लालसर, कडेच्या खोबणीत थोडा काळा. मधला भाग बोटाला गुळगुळीत लागत होता, नदीतल्या गोट्यासारखा. आमच्याकडे गौरी-गणपतीच्या आधी आणि दिवाळीला सगळी तांब्याची भांडी चिंचेने आणि राखेने घासतात. आई कलश घासायची तेव्हा पैसाही घासायची, अंगठ्याखाली धरून, दगडी पायरीवर बसून. तिच्या आधी आज्जी घासायची. वर्षातून दोनदा धरलं तरी दोघींच्या हयातीत दीड-दोनशे वेळा त्याच्यावर चिंच फिरली असणार. बाजारात झिजायचा तेवढा तो आधीच झिजला होता, राहिलेला आमच्या घरात झिजला.

माझ्या भावाने, अण्णाने मात्र तो बघितला आणि त्याच्या डोळ्यांत वेगळंच चमकलं. त्याच्या फोनवर असले व्हिडिओ बरेच येतात: जुनं नाणं असेल तर लाखात विका, हे चिन्ह असेल तर घर बांधा. माझ्या हातून पैसा घेऊन त्याने दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि रात्री कुठल्या तरी नंबरवर पाठवले. सकाळी उत्तर आलं होतं. नाणं शिवाजी महाराजांच्या काळातलं, किंमत अकरा लाख, आधी नोंदणीचे साडेतीन हजार भरा. समोरच्याने आपल्या फोटोखाली रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह लावलं होतं. अण्णाने मला न विचारता पैसे भरले. संध्याकाळी कराचे म्हणून आणखी नऊ हजार मागितले तेव्हा तो माझ्याकडे आला. भात विकून आलेले पैसे होते ते. माझ्या भावाचा चेहरा त्या संध्याकाळी जसा झाला होता तसा मला पुन्हा बघायचा नाही.

रिझर्व्ह बँकेने २०२१ सालच्या ऑगस्टमध्येच लोकांना जाहीरपणे बजावलं आहे की जुन्या नोटा आणि नाण्यांच्या अशा व्यवहारांशी बँकेचा काही संबंध नाही, त्यासाठी ती कसलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तसं घ्यायला कुणाला नेमलेलंही नाही. पण ही सूचना आमच्या गावापर्यंत पोचत नाही, व्हिडिओ पोचतो. आमच्या भागात याहून वाईट प्रकारही चालतात. तांदूळ ओढून घेणारं नाणं आहे म्हणून सांगतात, राम-सीता आणि हनुमान असलेलं कंपनी सरकारचं नाणं दाखवतात आणि शेत विकायला लावतात. कंपनीने राम दरबाराचं नाणं कधीच पाडलं नाही. त्या देवस्थानच्या मुद्रा किंवा सरळ बनावट चकत्या असतात. हे मी इथे तळमळून लिहिते आहे, कारण ज्या घरात कलशात पैसा आहे त्या प्रत्येक घरात एक अण्णा आहे.

त्या रात्री मी ठरवलं की किंमत सध्या बाजूला ठेवायची. हे काय आहे, एवढंच आधी शोधायचं. अण्णाला सांगितलं, "महिनाभर माझ्याकडे दे, मी बघते." तो काही बोलला नाही, फक्त मान हलवली.

बेळगावला शहापुरात माझं घर आहे. आल्या आल्या मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पैशाला काहीही लावलं नाही. चिंच नाही, लिंबू नाही, पावडर नाही. मग रात्री दिवे बंद केले, पैसा टेबलावर ठेवला आणि टॉर्च टेबलाला टेकवून आडवी धरली. वरून उजेड पाडला तर झिजलेलं नाणं कोरं दिसतं. उजेड आडवा आला की केसाइतक्या उंचवट्यालाही सावली पडते. पैसा तसाच ठेवून मी टॉर्च हळूहळू त्याच्याभोवती फिरवत नेली आणि एका जागी आल्यावर कडेला तीन ठिपके उठले. मण्यांसारखे, एकाला एक लागून. आणखी थोडी फिरवली तर एक उभी रेघ, तिच्या डोक्यावर आडवी. देवनागरी! त्या अंधारात मी एकटीच होते, तरी मोठ्याने बोलले.

मग पतंगाचा पातळ कागद त्यावर ठेवून मऊ पेन्सिल अगदी हलक्या हाताने फिरवली. डोळ्याला जे दिसलं नव्हतं ते कागदावर थोडं उतरलं. एका बाजूला ती उभी रेघ आणि तिच्या शेजारी अर्धगोल. दुसऱ्या बाजूला खाली एक 'प'सारखी गाठ आणि तिच्या वर दोन समांतर बारीक रेघा, नाण्याच्या मधोमध आडव्या. त्या दोन रेघा म्हणजे राखेतल्या खड्याने पडलेले ओरखडे असणार असं मी धरलं. मला त्या आईच्या हाताच्याच वाटल्या आणि म्हणून आवडल्याही.

देवनागरी म्हटल्यावर बरंच काही वगळता आलं. आमच्या जिल्ह्यात जमीन नांगरताना काय निघेल याचा नेम नसतो, इतकी राज्यं इथून गेली. हलशीला कदंब होते. गोव्याच्या कदंबांची सोन्याची नाणी सिंहाची. विजयनगरच्या तांब्याच्या नाण्यांवर नंदी येतो, हत्ती येतो. आदिलशाहीचे तांबे पैसे दोन्ही बाजूंनी फारसी-अरबी अक्षरांचे. सोळाव्या शतकात बेळगावचा किल्ला असदखान लारीकडे होता तेव्हा बाजारात तेच फिरत असणार. औरंगजेबाच्या फौजा आल्यावर बेळगावचं नाव आझमनगर झालं. टिपूच्या पैशावर हत्ती असतो आणि त्याची टांकसाळ जवळ धारवाडलाही होती. घाट उतरलं की गोवा, तिथून पोर्तुगिजांचे पैसे यायचे. कंपनीचा १८३५ चा पाव आणा तर लगेच ओळखू येतो: यंत्राचा, पुरा गोल, कडा सरळ, एका बाजूला दोन सिंहांनी धरलेली ढाल. आमचा पैसा ह्यातला कुठलाच नव्हता. हाताने ठोकलेला, मण्यांच्या कडेचा, देवनागरी अक्षरांचा तांब्याचा पैसा म्हणजे शिवराई, इथवर मी घरबसल्या आले.

शिवराई हा शब्द मी लहानपणी आज्जीच्या तोंडून ऐकला होता, पण तिच्या लेखी तो कुठल्याही जुन्या पैशाला लागू होता, जसा ढब्बू. खरी शिवराई १६७४ ची. रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री', 'राजा', 'शिव'. दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र' आणि 'पति'. भोवती बहुतेक फारसी मजकुराची नाणी चालत असताना आपल्या लिपीत आपलं नाव. त्या उभ्या रेघेशेजारचा अर्धगोल म्हणजे 'राजा'तला 'ज' असेल का, ह्या विचाराने मला दोन रात्री धड झोप आली नाही. आईने आयुष्यभर कलशात जपलं ते खरंच त्या वेळचं असलं तर?

दुसऱ्या आठवड्यात मी आमच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या सराफांकडे गेले. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. गिऱ्हाइकाशी ते मराठी बोलतात, दुकानातल्या पोराशी कन्नड आणि मनाशी आकडे मोजतात ते कुठल्या भाषेत ते त्यांनाच ठाऊक. माझ्या हातातला पैसा घेऊन त्यांनी आधी काचेवर टाकला. खण्ण वाजला. "वतीव न्हाई," म्हणाले. "वतीव असला तर बद्द वाजतोय." मग कडेवरून नख फिरवून बघितलं. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याला कडेला बारीक शिवण राहते, अंगावर सुईच्या टोकाएवढ्या पुळ्या राहतात. आमच्या पैशाला दोन्ही नव्हतं. लोहचुंबक लावलं, चिकटला नाही.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी डोळे भरून बघितलं. काट्यावर पैसा ठेवला: ९.२४ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला. रेशमाच्या दोऱ्याने पैसा बांधून पाण्यात सोडला, तळाला न टेकवता, पेल्याला न लागू देता नुसता लोंबकळत धरला. काट्यावर १.०५ आला. आप्पांनी कॅल्सीवर ९.२४ ला १.०५ ने भाग लावला: ८.८, म्हणजे पैसा तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या ८.८ पट जड. शुद्ध तांब्याचं ८.९६ येतं. "तांबंच हाय, थोडा कायतरी मेळ हाय. जुन्याला असतोयच." दोरा सोडून पैसा त्यांनी मलमलीच्या फडक्यावर ठेवला, पुसला नाही, वरचं पाणी नुसतं टिपून घेतलं. त्यांच्या हाताला कंप आहे, पण दोरा धरताना तो कुठे गेला कोण जाणे.

आमच्या मराठीत पोतदार हे आडनाव सरकारी खजिन्यातलं नाणं पारखणाऱ्यावरून आलं. माणसाला 'खणखणीत' म्हणतो, व्यवहार 'वाजवून' घेतो, नवा शब्द रूढ झाला की 'चलनी' झाला म्हणतो. हे शब्द आप्पांसारख्यांच्या काचेवरून आपल्याकडे आले आहेत आणि रोज वापरूनही आपल्याला त्याची आठवण राहत नाही. निघताना त्यांनी मला एक पुतळ्यांची माळ दाखवली, मोडीत आलेली. पुतळी हा आपला किती घरचा दागिना! पण त्याचा मूळ नमुना व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटचा. त्या नाण्यावर संतापुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख असायचा. समुद्रावरून व्यापाराबरोबर ती नाणी इकडे आली, आपल्या बायकांना त्यावर दोन बाहुल्या दिसल्या आणि नाव पडलं पुतळी. पुढे तशाच चकत्या इथले सोनार करू लागले. ज्याला जे वाचता येतं ते तो नाण्यात बघतो. आप्पांनी असं काही म्हटलं नाही, त्यांनी फक्त माळ दाखवली.

"ह्याचं नाव मला सांगता यायचं न्हाई," ते शेवटी म्हणाले. "मी धातू सांगतो. अक्षर बघणारा माणूस निपाणीला हाय."

निपाणीच्या त्या गृहस्थांचं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं आणि रविवार नाण्यांत. संकेश्वरच्या पुढे बसमध्ये मी तीनदा पर्समध्ये हात घालून डबी चाचपली. त्यांनी किती किंमत येईल याचा विषयही काढला नाही. पहिला प्रश्न होता, "तुमच्याकडे आला कुठनं?" कलशातला म्हटल्यावर ते हसले आणि म्हणाले, मग ठीक आहे. जमिनीत पुरलेलं सापडलं तर १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लोकांना हे माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते भिऊन वितळवतात. एकेका मडक्याबरोबर एकेका गावाचा इतिहास मुशीत जातो असं ते म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज चढला होता.

मग त्यांनी लाकडी खणांचा एक ट्रे पुढं ओढला. त्यात शिवरायाच शिवराया, शंभराहून जास्त असतील. मी एक एक बघत गेले आणि लक्षात आलं की पूर्ण मजकूर एकीवरही नाही. कुठे नुसतं 'श्री', कुठे 'राजा'चा मधला तुकडा, कुठे 'छत्र'चा फक्त 'छ'. हे झिजल्यामुळे नव्हतं. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. खाली एक ठसा, मध्ये तापवलेलं तांबं, वरून दुसरा ठसा आणि त्यावर हातोडा. जेवढं बसलं तेवढं उठलं. अर्धी अक्षरं जन्मापासूनच नसतात. 'शिव'चं 'सिव' होतं, 'पति'चं 'पती' होतं, वेलांट्या इकडच्या तिकडे जातात. ठसे खोदणारे हात अनेक आणि गावं अनेक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन ॲबट यांनी हजारो शिवराया गोळा करून ह्याच फरकांचा अभ्यास केला. आपल्या संतांची चरित्रं इंग्रजीत नेणारे ते हेच ॲबट. तांब्याच्या पैशावरच्या वेलांट्या मोजत बसलेला तो पाद्री मला एकदम जवळचा वाटला.

माझा पैसा त्यांनी खिडकीपाशी नेला, भिंग लावलं आणि अर्ध्या मिनिटात खाली ठेवला.

"दुदांडी," ते म्हणाले.

मी विचारलं, म्हणजे काय. त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने त्या दोन आडव्या रेघा दाखवल्या. मी म्हटलं, ते तर घासल्याचे ओरखडे आहेत, माझी आई राखेने घासायची. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "ओरखडा खोल जातो बाई. अक्षर वर असतंय. उजेड कुठनं येतोय आणि सावली कुठल्या अंगाला पडालीय बघा."

मी बघितलं. उजेड डावीकडच्या खिडकीतून येत होता. आईच्या राखेचे खरे ओरखडे केसासारखे, वाकडेतिकडे, सगळ्या नाण्यावरून गेलेले. त्यांच्यात सावली उजेडाच्या बाजूलाच, डावीकडे साचली होती. त्या दोन रेघांची सावली पलीकडे, उजवीकडे पडत होती. म्हणजे त्या उंच होत्या. मी हलकेच नख नेलं तर ते दोनदा अडलं. दोन दांड्या. वर 'छत्र', खाली 'पति' आणि मधोमध ह्या दोन दांड्या, म्हणून दुदांडी. महिनाभर मी ज्याला झीज समजत होते तीच ह्या पैशावरची सगळ्यांत शाबूत राहिलेली खूण होती.

आणि तिनेच निकाल दिला. महाराजांच्या काळच्या शिवराईला अशा दांड्या नसतात. ती वजनालाही भारी असते, साधारण अकरा-बारा ग्रॅमच्या घरात. नंतर वजन उतरत गेलं. झिजल्याने वजन घटतं म्हणून नुसत्या वजनावर निकाल देऊ नये, पण दांड्या आणि वजन दोन्ही एकच सांगत असतील तर शंका राहत नाही. दुदांडी पेशवाईच्या उत्तरार्धातली, आणि पेशवाई बुडाल्यावरही काही वर्षं निघत राहिलेली.

किंमत मी शेवटी विचारली. भावासाठी विचारावीच लागणार होती. "दोनशे," ते म्हणाले. "हौशी भेटला तर तीनशे." मग समजावूनही सांगितलं. नाण्याचं वय आणि त्याची किंमत यांचा फारसा संबंध नसतो. दोन हजार वर्षांपूर्वीचीही काही नाणी ढिगाने सापडतात आणि शे-दोनशेला मिळतात. बघायचं ते तशी उरली किती, मागणाऱ्यांना हवी किती, आणि अंगावर मूळचं किती राहिलंय. महाराजांच्या वेळची, अक्षरं भरलेली शिवराई हजारांत जाते. होन तर इतके थोडे उरलेत की त्यांची गोष्टच वेगळी. दुदांडी मात्र उदंड सापडते, आणि त्यात ही घासलेली. तांब्यावर काळानं चढलेला थर हाच नाण्याचा दागिना, तो गेला की ओळखणारा निम्मी किंमत कापतो. "तुमच्या आईंनी निम्मी किंमत चिंचेनं धुतली बघा," ते म्हणाले, पण म्हणताना पैसा त्यांनी माझ्या हातात दोन्ही हातांनी दिला.

परतीच्या बसमध्ये मला वाईट वाटायला हवं होतं आणि थोडं वाटलंही. खोटं कशाला सांगू, त्या 'ज'वर मी मनात बरंच काही बांधलं होतं. पण हत्तरगीच्या पुढे अंधार पडायला लागला आणि एकच शब्द डोक्यात फिरत राहिला: उदंड.

दुदांडी उदंड का सापडते? कारण ती उदंड पाडली. आणि पाडली कारण लोक ती घेत होते. महाराज १६८० साली गेले. त्यानंतर राजधानी बदलली, गादीच्या दोन गाद्या झाल्या, कारभार पेशव्यांकडे गेला, खालून हैदर-टिपू चालून आले, १८१८ च्या एप्रिलमध्ये कंपनीच्या मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला. ह्या सगळ्यात तांब्याच्या पैशावरची पाच अक्षरं तीच राहिली: श्री राजा शिव. कंपनी सरकारनेही पुण्याची टांकसाळ लगेच बंद केली नाही. १८३५ चा एकच शिक्का सगळीकडे आणेपर्यंत त्यांना बाजारात जे चालतं तेच चालवावं लागलं, आणि चालत होती शिवराई. तिच्यामागे ना राजा उरला होता ना खजिना. मीठ घेणारी बाई आणि मीठ देणारा माणूस दोघांनी ते नाव मान्य केलं होतं, एवढंच तिचं बळ. त्यानंतरही कित्येक वर्षं ती बाजारात होतीच, नाहीतर ॲबटना हजारोंनी कुठून मिळाली असती?

आमच्या आठवड्याच्या बाजारात तेव्हाही निम्मे लोक कन्नड बोलत असणार, निम्मे मराठी, आणि वाचता तर बहुतेकांना येत नसणार. पैशावर अर्धीच अक्षरं, तीही वेलांटी चुकलेली. तरी हात पुढं व्हायचा. दीडशे वर्षं. दुर्मिळ नाणं थोड्यांकडे उरतं म्हणून मोलाचं. हे सगळ्यांकडे होतं. माझ्या पणज्यांपैकी कुणीतरी भाताच्या पोत्यापाठी हे मोजून घेतलं असेल, आणि पुढे चलनातून गेल्यावर टाकून न देता कलशात सोडलं असेल. देवापुढे ठेवायला त्या घरात दुसरं सोनंनाणं नव्हतं, हे मला माहीत आहे. आमच्या घरची गरिबी मी ऐकून आहे. म्हणून मला हे दोनशे रुपये कमी वाटले नाहीत. ते मला बरोबर वाटले. ह्या पैशाने आयुष्यभर हेच काम केलं, थोड्याचा व्यवहार.

गणपतीच्या आधी दोन दिवस मी गावी गेले. अण्णा अंगणात कट्ट्यावर बसला होता, त्याने लगेच विचारलं नाही. चहा झाल्यावर मीच सांगितलं: खरी आहे, तांब्याची आहे, शिवराई आहे, महाराजांच्या वेळची नाही, दोनशे रुपये. तो जरा वेळ गप्प बसला. साडेतीन हजारांचा हिशेब त्याच्या मनात चालला असणार. मग म्हणाला, "खरी हाय न्हवं?"

"खरी आहे."

"मग दाव की काय दिसलं तुला."

मी त्याला माजघरात नेलं, दार लोटलं आणि फोनचा दिवा जमिनीवर आडवा धरला. पैसा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याचा हात नांगराचा, रेषा खोल. तो सरळ बघत राहिला. मी म्हटलं, हात जरा वाकडा कर. कलता कर. आणखी. त्याने हात कलता केला, आणि मला दिसलं की त्याला दिसलं. त्याने अंगठ्याचं नख नेलं, अगदी हलकेच, आणि ते अडलं तिथे थांबला.

"दोन हायत," तो म्हणाला. मग मोठ्याने हाक मारली, "पोरांनो, हिकडं या सगळी. आणि दार लावून घ्या, उजेड नको."

मुलं जमिनीवर पोटावर आडवी पडली आणि हात पुढे करून पाळी मागू लागली. मागून वैनी आली. तिच्या एका हातात कलश होता, दुसऱ्यात चिंचेचा गोळा, आणि ती दारातच थांबली.

"ताई, मग आता ह्याला घासायचं की न्हाई?"

अण्णाने माझ्याकडे बघितलं.

"कलश घास," मी म्हटलं, "पैसा नुसता पाण्यातून काढ."